'काका, पंचविसाचं लिमिट काढून द्या ना'

कोथरूडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ई-सायकल घेऊन कोणी ना कोणी पोरगा येतोच, 'काका, लिमिट काढून द्या ना.' म्हणजे ताशी 25 किलोमीटरला मोटर बंद करणारी मर्यादा. मी काढत नाही. पण हाकलतही नाही. सायकल स्टँडवर चढवतो आणि त्यालाच तपासायला लावतो. हे घरीही जमतं.

आधी कायदा. ई-सायकलला नंबरप्लेट, लायसन, विमा लागत नाही, कारण नियमात ती मोटार वाहन धरलेली नाही. पण त्याला अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची पॉवर 250 वॅटच्या आत हवी. ताशी 25 किलोमीटरपर्यंत जाताना मोटरचा जोर कमी होत होत बंद व्हायला हवा, आणि पायडल थांबवलं तर त्याआधीच. धड ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे सगळं चाचणी संस्थेनं तपासलेलं लागतं. (आम्ही पुणेकर सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिथली एआरएआय त्यातलीच एक.) लिमिट काढलं की तुमच्याखाली बिननोंदणीची, बिनविम्याची गाडी असते.

कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीवर, 36 व्होल्ट, 14 अँपिअर वाचून काही जण घाबरतात, गुणाकार पाचशेच्या वर जातो ना! घाबरू नका. चढावर मोटर क्षणभर तेवढं खेचते. 250 हा आकडा सलग अर्धा तास, फार न तापता देता येणाऱ्या ताकदीचा.

वेग मात्र स्टँडवर मोजू नका. चाक हवेत असताना आकडा फुगतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर फोनचं जीपीएस लावून पायडल मारा आणि मागचा ढकलल्यासारखा जोर कुठे सुटतो ते बघा. एकदा एका सायकलचा डिस्प्ले 25 दाखवत होता आणि जीपीएस साडेसत्तावीस. चाक 29 इंची, सेटिंग 26 चं! डिस्प्ले फक्त फेरे मोजतो, चाकाचा घेर तुम्ही सांगाल तोच धरतो. सेटिंग बदललं, काम झालं.

आता ब्रेक, आणि इथे मी घाई करू देत नाही. बऱ्याच ई-सायकलींच्या ब्रेक लिव्हरमधून एक बारीक वायर निघते, तो कट-ऑफ, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा. मागचं चाक उचला, थ्रॉटल (स्कूटरसारखी वेगाची मूठ) असेल तर हळू फिरवा, नाहीतर हातानं पायडल फिरवत राहा, आणि लिव्हर जेमतेम दाबा. रबर रिमला किंवा पॅड डिस्कला लागायच्या आत मोटर गप्प झाली पाहिजे. दोन्ही लिव्हर वेगवेगळे तपासा. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या सायकलवर चक्कर मारायला गेलो. डावा लिव्हर कुणीतरी साधा बसवलेला, वायर नुसतीच लोंबत होती. उतारावर मी ब्रेक दाबतोय आणि मोटर पुढे ओढतेय. गुडघा अजून कुरकुरतो. तपासलं नाही, चूक माझीच.

वेग 25 वरून 35 झाला तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. सायकलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), रबर, आरे त्या हिशेबानं केलेले नसतात. हब मोटरच्या, म्हणजे मधोमध मोटर बसवलेल्या चाकाचे नट महिन्यातून एकदा पान्ह्यानं बघा, मोटर ॲक्सलला सतत पीळ देत असते.

हेल्मेट घाला, रात्री लाइट लावा, हे सांगायला नको.

शेवटी चार्जर. 36 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की 42 व्होल्ट होते. 48 च्या बॅटरीचा चार्जर 54.6 देतो, आणि काही वेळा दोघांची पिन तीच बसते. शेजाऱ्याचा मागून आणू नका, आणि झोपताना दाराशी, जिन्याखाली बॅटरी चार्जिंगला लावू नका. दुकानात येणाऱ्या प्रत्येक 36 वाल्या चार्जरवर मी पांढऱ्या पेंटनं मोठा 42 काढून देतो. त्याचे पैसे घेत नाही.