डिस्चार्जनंतर घरी या चुका टाळा

मनोरुग्णालयातून घरी सोडलं म्हणजे तब्येत घरी सांभाळता येण्याइतकी सावरली आहे. उपचार संपले असं समजून होणारे घोळ वॉर्डात नर्स म्हणून वर्षानुवर्षं पाहतेय.

पहिली चूक, बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणं. अहो, गोळ्या चालू आहेत म्हणून तर बरं वाटतंय! बंद केल्यावर कधी कधी कित्येक आठवडे काहीच बिघडत नाही आणि घरच्यांना वाटतं, बघा, गरजच नव्हती. मग आजार उलटतो.

एका तरुणाला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू होतं. दिवसभर पेंगतो म्हणून वडिलांनी ते परस्पर थांबवलं. काही दिवसांत त्याला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा घाबरून त्यांनी आधीचा पूर्ण डोस एकदम दिला. रक्तदाब घसरून मुलगा उठता उठता कोसळला, डोक्याला टाके पडले. या औषधात ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं. वडिलांनी काळजीपोटीच केलं सगळं. पण आधी फोन केला असता, तर पेंगण्यावर डोस किंवा वेळ बदलून बघता आली असती. गोळी जेवणात लपवून देणंही मला अजिबात पटत नाही. कळलं की पेशंटचा विश्वास जातो आणि मग तो जेवणही नाकारतो.

दुसरी चूक, ‘आत्ताच तर आलोय, जाऊ पुढच्या महिन्यात’ म्हणत पहिली फॉलोअपची तारीख चुकवणं. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात. म्हणून सात दिवसांच्या आतली तारीख आणि अडचणीत फोन कुठे करायचा तो नंबर, दोन्ही कागदावर आल्याशिवाय मी नातेवाइकांना वॉर्डातून हलू देत नाही. उरलेल्या गोळ्या घरात कुलपात ठेवा.

लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना विचारा, आणि आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी मनाने घेऊ नका. दारू नको. दुसऱ्याच दिवशी पूर्णवेळ कामावर पाठवायची घाईही नको.

आजार उलटताना आधी काय बदलतं, हे पेशंटलाच शांतपणे विचारून त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. झोपेचे तास रोज टिपा. ओळीने दोन-तीन रात्री झोप उडाली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना कळवा. जीव द्यायची भाषा निघाली तर पेशंटला एकटं सोडू नका, त्याच क्षणी दवाखान्यात न्या.