‘ती’ कोण आणि ‘ती’ कोण? दोघींच्या प्रेमाची फॅनफिक लिहिताना या चुका टाळा

आधी हे वाक्य वाचा: ‘तिने तिचा हात तिच्या हातात घेतला आणि ती तिच्याकडे पाहत राहिली.’

कोणी कोणाचा हात घेतला? पाहत कोण राहिलं? फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिकेतल्या किंवा पुस्तकातल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेली कथा, आणि त्यात दोन स्त्रियांचं प्रेम असेल तर ती फेमस्लॅश. माझ्या पहिल्या फेमस्लॅश कथेत अशी वाक्यं पानोपानी होती. बीटा रीडरने, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी कथा तपासून देणाऱ्या मैत्रिणीने, सगळा मसुदा वाचून एवढंच विचारलं, “या प्रसंगात नक्की किती जणी आहेत?” मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत मराठी क्रियापद आपलं निम्मं काम करून टाकतं. ‘गेला’ म्हटलं की तो, ‘थांबली’ म्हटलं की ती, नाव घ्यावंच लागत नाही. इथे दोघीही ‘म्हणाली’, दोघीही ‘थांबली’. गोंधळ टाळायला नवे लेखक मग वर्णनांचा आधार घेतात: ‘उंच तरुणी’, ‘निळ्या डोळ्यांची’, ‘ती योद्धा’. ही सर्वांत मोठी चूक. जिच्यावर जीव जडला आहे तिच्याकडे कोणी मनातल्या मनात ‘निळ्या डोळ्यांची तरुणी’ म्हणून बघत नाही. प्रसंग अगदी जवळिकीचा असतो आणि अशा एका शब्दाने वाचक खोलीबाहेर फेकला जातो.

उपाय मराठीतच आहे. ‘आपला’ हा शब्द अशा वाक्यांत कर्त्याकडे वळतो. ‘तिने आपला हात पुढे केला’ म्हटलं की हात कोणाचा याची शंकाच उरत नाही. नावं बिनधास्त वापरा. तेच नाव पुन्हा आलेलं वाचकाच्या डोळ्यांना खुपत नाही, ते खुपतं लिहिणाऱ्याला. एका प्रसंगात एकीच्याच मनात राहा. तिच्यासाठी ‘ती’ आणि दुसरीसाठी नाव, असं ठरवून टाकलं की निम्मी वाक्यं आपोआप सुधारतात. एकीला ‘मी’ करणं हा सोपा मार्ग आहे, पण त्यात दुसरीचं मन पूर्ण बंद होतं. कथेला तेच हवं असेल तरच तो घ्या.

आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’. मूळ मालिका इंग्रजी असेल तर तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत लिहायला बसलात की ठरवावंच लागतं, अंगरक्षक राणीला काय म्हणते? पहिल्या प्रकरणात ‘तू’, तिसऱ्यात ‘तुम्ही’, पाचव्यात पुन्हा ‘तू’, अशी घसरण मी कितीतरी कथांत पाहिली आहे. फार हळहळ वाटते, कारण मराठी लेखकाच्या हातात यासारखी दुसरी गोष्ट नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं, कोणाच्या तोंडून, चुकून की मुद्दाम, आणि ते ऐकून दुसरी गप्प होते की नाही, यावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. स्लो बर्न, म्हणजे प्रेम हळूहळू फुलणाऱ्या कथेत चुंबनाआधी वाचक त्या पहिल्या ‘तू’ची वाट बघतो. म्हणून लिहिण्याआधीच ती जागा ठरवा, आणि तोवर एकदाही घसरू नका.

‘मैत्रीण’ या शब्दाचंही तसंच. तो दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून नकळत वापरला तर धुकं होतं. जाणूनबुजून वापरला तर एकीने चारचौघांत ‘ही माझी मैत्रीण’ म्हणावं आणि दुसरीने त्यातून काय समजायचं ते समजावं, एवढ्यावर प्रसंग रंगतो.

व्यक्तिरेखांच्या बाबतीत एक चूक सारखी दिसते: दोघींपैकी एकीला ‘पुरुष’ करून टाकणं. कॅननमध्ये, म्हणजे मूळ कथेत, जी घाबरट पण हजरजबाबी आहे, ती फॅनफिकमध्ये अचानक रांगडी, अबोल, सतत वाचवायला धावणारी होते. दुसरी नुसती लाजते. हा साचा बाहेरून आणलेला असतो. त्या दोघी मूळ कथेत भांडतात कशा, माफी कोण आधी मागतं, विनोद कोणाला कळत नाही, याची यादी करा. प्रेम त्यातूनच उगवू दे.

एकीचं आधी पुरुषावर प्रेम होतं? मग ते खोटं होतं असं दाखवायची गरज नाही. तिला दोन्हींचं आकर्षण असू शकतं. आणि शिप, म्हणजे आपल्याला हवी ती जोडी, जुळवण्यासाठी त्या बिचाऱ्याला दुष्टही करू नका. चांगल्या माणसाला सोडून जाणं जास्त अवघड असतं, आणि कथा तिथेच असते.

शोकांतिका लिहायची असेल तर मागचं ठाऊक असू द्या. ‘बफी’ या अमेरिकी मालिकेतली टॅरा 2002 साली आणि ‘द हंड्रेड’ या मालिकेतली लेक्सा 2016 साली, दोघीही दुसऱ्या कोणासाठी झाडलेल्या गोळीने गेल्या, आणि दोघीही प्रेयसीबरोबरच्या सुखाच्या क्षणानंतर लगेच. लेक्साच्या वेळी प्रेक्षकांचा संताप उसळला. फेमस्लॅश वाचणाऱ्या अनेकजणी ती जखम घेऊनच येतात. मरण लिहू नका असं मी म्हणत नाही. धक्क्यासाठी लिहू नका, आणि आधी सांगा.

सांगण्याची सोय आहेच. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर प्रमुख पात्राच्या मृत्यूसाठी वेगळी सूचना लावता येते. तिथेच जोडीचा टॅग, म्हणजे कथा कोणाची हे सांगणारी खूण, लावताना आणखी एक घोटाळा होतो. दोन नावांमधली तिरकी रेघ म्हणजे प्रेमसंबंध, ‘&’ हे चिन्ह म्हणजे मैत्री किंवा नातं. (‘स्लॅश’ हे नावच त्या रेघेवरून पडलं, 1970च्या दशकातल्या, ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क-स्पॉकच्या कथांपासून.) दोघी पार्श्वभूमीला एका परिच्छेदापुरत्या येत असतील तर त्यांची जोडी पहिल्या टॅगमध्ये टाकू नका. त्यांच्यासाठीच आलेली वाचक चाळीस पानं शोधत बसते.

कथा मध्येच अडकली तर बहुधा कारण एकच असतं: दोघींना एकमेकींपासून दूर ठेवणारं काहीच उरलेलं नसतं, फक्त गैरसमज ताणले जात असतात. तेव्हा मागे जा आणि पाहा, प्रत्येकीला प्रेमाव्यतिरिक्त काय हवं आहे. राणीला राज्य टिकवायचं आहे, अंगरक्षकाला नोकरी सोडून घरी परतायचं आहे. आता दोघींना एका खोलीत बसवा. मग संवादांतली सगळी ‘ती म्हणाली’ खोडून मोठ्याने वाचा. कोण बोलतंय हे ओळखू आलं नाही, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.