शूटिंग रेंजवर या चुका टाळा: ग्राहकांच्याही आणि सेफ्टी ऑफिसरच्याही

पहिल्यांदा रेंजवर गेले तेव्हा चौथ्या गोळीला पिस्तुलातून नुसतं 'टक्' झालं. गोळी सुटलीच नाही. मी पिस्तूल तसंच हातात धरून मागे वळले आणि विचारलं, "हे का उडत नाहीये?" पुढच्या क्षणी माझं मनगट सेफ्टी ऑफिसरच्या मुठीत होतं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. शेजारच्या लेनमधली माणसं वळून बघू लागली. उरलेली काडतुसं न वापरताच मी घरी आले.

त्याने मला अडवलं ते अगदी बरोबर होतं. पण अडवल्यावर का अडवलं, हे त्याने एका वाक्यानेही सांगितलं नाही. पुन्हा जायचं धाडस व्हायला मला बरेच महिने लागले, आणि गेले तेव्हाही काही अडलं तर गप्पच बसायचे. पुढे काही वर्षं मी स्वतः त्याच कामावर उभी राहिले. आता विचारायला लाजणाऱ्या ग्राहकाची मला नवख्यापेक्षा जास्त धास्ती वाटते. खाली ज्या चुका सांगते आहे त्या ग्राहकांच्या आहेत आणि आम्हा ऑफिसरांच्याही. बहुतेक वेळा एकातून दुसरी निघते.

बंदूक हातात असताना मागे वळणं

मी केली तीच चूक. एवढ्या वेळा पाहिली आहे की मोजणं सोडून दिलं. माणूस बेफिकीर असतो म्हणून ती होते असं नाही. प्रश्न पडला की आपण उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मान वळते, मानेमागे खांदे वळतात, खांद्यांबरोबर हात येतो आणि हातात बंदूक असते. छान नेम लागला की मागे उभ्या मित्राला दाखवायला वळणारेही तितकेच.

उपाय साधा आहे, पण आधी दोन-चार वेळा रिकाम्या हातांनी करून बघायला हवा. काहीही झालं तरी नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढून फ्रेमच्या बाजूला सरळ ठेवायचं आणि मोकळा हात वर करायचा. ऑफिसर तुमच्याकडे येईल. तुम्ही त्याच्याकडे वळायचं नाही. वळायचंच असेल तर आधी बंदूक टेबलावर ठेवायची, मग वळायचं.

याच चुकीचा एक धाकटा भाऊ आहे, तो जुन्या ग्राहकांतही दिसतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, कडक असली की ती ओढायला माणूस पिस्तूल पोटाजवळ आडवं घेतो. ताकद लावायला ते सोयीचं पडतं, पण नळी सरळ शेजारच्या लेनकडे जाते. अशा वेळी पिस्तूल हलवू नका, स्वतः वळा. नळी टार्गेटकडेच ठेवून शरीर तिरकं करा, एका हाताने स्लाइड घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने दस्ता पुढे ढकला. मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलायला कमी जोर लागतो.

आणि कपडे. गोळी सुटल्यावर बाहेर उडालेली काडतुसाची रिकामी पुंगळी चांगलीच गरम असते आणि उघड्या गळ्यातून बरोबर आत शिरते. चटका बसला की माणूस उड्या मारतो आणि बंदूक कुठे फिरते याचं त्याला भान राहत नाही. गळाबंद कपडे आणि बंद बूट घालून या. पुंगळी गेलीच आत, तर आधी बंदूक खाली ठेवा. चटका दोन दिवसांत बरा होतो.

ऑफिसरसाठी: नवख्या माणसाच्या अर्धं पाऊल मागे, बंदुकीच्या हाताच्या बाजूला उभे राहा. तिथून वळणारा हात वाटेतच अडवता येतो. भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभं राहिलं तर ओरडण्यावाचून काही उरत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो. हात धरावा लागला तर पिस्तूल सुरक्षित ठेवल्यावर लगेच सांगा, "नळी लोकांकडे वळत होती म्हणून धरलं." एवढ्या एका वाक्यासाठी मी पुढचे कित्येक महिने थांबले होते.

'रिकामीच आहे'

हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. पिस्तूल रिकामं करताना बऱ्याच जणांचा क्रम चुकतो. आधी स्लाइड ओढतात, आतलं काडतूस बाहेर पडतं, मग मॅगझिन, म्हणजे दस्त्यातली काडतुसांची पेटी, काढतात. पण स्लाइड पुढे गेली तेव्हा मॅगझिन अजून आतच होतं. त्यातलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जाऊन बसलं. आता मॅगझिन हातात आहे, एक काडतूस टेबलावर पडलं आहे, पिस्तूल रिकामं वाटतं आणि ते भरलेलं असतं.

क्रम असा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून तिथेच अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. रेंजवर चेंबर फ्लॅग देत असतील तर तो लावायचा. भडक रंगाचा हा प्लॅस्टिकचा तुकडा लांबूनही दिसतो, त्यामुळे कुणालाच विचारावं लागत नाही.

ऑफिसर "दाखवा" म्हणाला की सर्वांत जास्त राग येतो तो वीस-वीस वर्षं बंदूक हाताळलेल्या लोकांना. त्यांना तो अविश्वास वाटतो. मला त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की मी स्वतः माझं पिस्तूल सहकाऱ्याला दाखवते आणि तो मला त्याचं दाखवतो. दोघांपैकी कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

सीझ फायर म्हटल्यावर 'एक शेवटची'

रेंजप्रमाणे शब्द बदलतात. कुठे 'रेंज हॉट' (गोळीबार सुरू) आणि 'रेंज कोल्ड' (गोळीबार बंद) म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' असे हुकूम असतात. आत शिरताना विचारून घ्या. 'सीझ फायर' (गोळीबार थांबवा) मात्र जवळपास सगळीकडे एकच आणि तो कोणीही ओरडू शकतो. त्यासाठी ऑफिसर असावं लागत नाही. नेमबाज उभे असतात त्या लाइनच्या पुढे माणूस, मूल किंवा प्राणी दिसला की ओरडा. चुकीचा इशारा दिला म्हणून कोणी चांगला ऑफिसर रागावत नाही.

तो शब्द कानावर पडला की ट्रिगर अर्धा दाबलेला असला तरी बोट बाहेर. चेंबरमध्ये राहिलेली एक गोळी 'संपवून' टाकायची नाही. ऑफिसर सांगेल तसं रिकामं करा, खाली ठेवा आणि मागच्या रेषेपलीकडे जा.

सर्वांत जास्त वाद होतात ते याच्या पुढच्या टप्प्यात. लोक टार्गेट बदलायला पुढे गेलेले असतात आणि मागे कोणीतरी सहज रायफलची दुर्बीण पुसायला जातो किंवा बॅग आवरायला लागतो. ऑफिसर जोरात ओरडतो. ग्राहक म्हणतो, "अहो, रिकामी आहे, नुसता हात लावला." खरं असेलही. पण पुढे गेलेला माणूस वळून बघतो तेव्हा त्याला फक्त बंदुकीवर वाकलेली आकृती दिसते. आत काय आहे ते त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून लाइन थंड (कोल्ड) असताना टेबलाला हातच लावायचा नाही, नुसतं बघायलाही नाही. हे कारण ब्रीफिंगमध्ये आधीच सांगितलं तर वाद बरेच कमी होतात. मी सांगू लागल्यापासून माझे तरी झाले.

गोळी सुटली नाही, किंवा वेगळीच सुटली

ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टक्' झालं तर नळी टार्गेटकडे धरून किमान 30 सेकंद थांबा. काही रेंजवर एक मिनिट सांगतात. क्वचित काडतूस उशिरा पेटतं आणि तेवढ्यात तुम्ही ते बाहेर काढलेलं असेल तर हातात फुटू शकतं. नळीत डोकावून बघायचा मोह कितीही झाला तरी बघू नका.

आवाज झाला, पण मऊ 'फुस्स' असा, धक्काही नेहमीपेक्षा कमी आणि टार्गेटवर नवं भोक नाही? तिथेच थांबा. ही सगळ्यांत फसवी वेळ. काडतुसात दारू कमी भरली गेली किंवा मुळीच नसली की प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. जॅम झाल्यावर स्लाइडवर थाप मारून खटकन पुढची भरायची सवय ज्यांनी घटवून घेतली आहे, त्यांना इथे जास्त धोका असतो, कारण हात डोक्याच्या आधी चालतो.

चुकीचं काडतूस हीही तशीच गोष्ट. 12 बोरच्या बंदुकीत 20 बोरचं काडतूस घसरून नळीत पुढे जाऊन बसतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस वरून 12 चं भरतो आणि नळी फुटते. 20 बोरच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवायची पद्धत त्यासाठीच पडली. .300 ब्लॅकआउटचं काडतूस .223 च्या रायफलमध्ये बसू शकतं आणि परिणाम तितकाच वाईट होतो. दोन बंदुका आणल्या असतील तर टेबलावर एका वेळी एकीचीच काडतुसं ठेवा.

काही रेंजवर तुमच्या गोळ्यांना लोहचुंबक लावून बघतात. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांनी मागची भिंत खराब होते, ठिणग्या उडतात आणि बंदिस्त रेंजमध्ये आग लागू शकते. ग्राहकाला ही झडती वाटते. चुंबक लावता लावता कारण सांगायला पाच सेकंद लागतात, ते आम्ही द्यायला हवेत.

'समजलं का?' 'हो.'

लहानशा .22 रायफलचा आवाजही 140 डेसिबलच्या आसपास जातो. 9 मिमी पिस्तुलाचा 155 ते 160. 140 पासून पुढे एकाच धमाक्याने कानाला कायमची इजा होऊ शकते. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून आत बोळे आणि वर इअरमफ असं दुहेरी संरक्षण घ्या. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे मफची गादी वर उचलली जात नाही ना, तेही बघा.

आता याची दुसरी बाजू. एवढं सगळं कानावर चढवल्यावर ग्राहकाला आमचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. आम्हाला ओरडावंच लागतं आणि ओरडणं रागासारखं दिसतं. माणूस बिचकतो आणि न ऐकताच मान हलवतो. "समजलं का?" या प्रश्नाला जगात कोणी "नाही" म्हणत नाही. म्हणून मी तो प्रश्नच बंद केला. काचेच्या दाराबाहेर, कान मोकळे असताना सगळं सांगायचं आणि म्हणायचं, "आता तुम्ही मला करून दाखवा." आत गेल्यावर फक्त हाताच्या खुणा, ठरवून घेतलेल्या.

ग्राहक म्हणून तुम्ही एक करा. ऐकू आलं नाही तर मान हलवू नका. कानाकडे बोट दाखवा.

नको तिथे शिकवणं

सेफ्टी ऑफिसर म्हणजे कोच नव्हे. सहा लेन सांभाळणारा माणूस एकीचा नेम सुधारत बसला की पाच लेन उघड्या पडतात. शिकायचं असेल तर वेगळा प्रशिक्षक मागा.

शेजारच्या लेनमधले स्वयंघोषित गुरू हा वेगळाच त्रास, आणि तो स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो. न विचारता कोणीतरी मागून येऊन हात धरून उभं राहायचं कसं ते दाखवतं. भरलेली बंदूक हातात असलेल्या माणसाला मागून स्पर्श करणं हा उद्धटपणा आहेच, त्याहून आधी तो धोका आहे. ऑफिसरने हे स्वतःहून थांबवावं, तक्रारीची वाट बघू नये. आणि ऑफिसरनेही तातडीची वेळ नसेल तर हात लावण्याआधी विचारावं.

मित्राला घेऊन येणारे त्याच्या हातात पहिलीच मोठी बंदूक देतात, तो कसा दचकतो ते बघायला. हे मला बघवत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या एका रेंजवर 9 वर्षांच्या मुलीच्या हातातली पूर्ण स्वयंचलित उझी बंदूक धक्क्याने वर उसळली आणि शेजारी उभ्या प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला नाही. सुरुवात .22 ने करा आणि पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. नवख्याच्या हातात दुसरी गोळी धक्क्याच्या गोंधळातच सुटते. ती तिथे नसलेलीच बरी.

हात न धुता घरी जाणं

प्रायमरमध्ये आणि गोळीत बहुधा शिसं असतं. ते धुराबरोबर हातांवर, केसांवर, कपड्यांवर बसतं. रेंजवर खाऊ-पिऊ नका. निघताना साबण आणि थंड पाण्याने हात-तोंड धुवा, घरी कपडे वेगळे धुवा, मुलांना जवळ घेण्याआधी ते बदला. गरोदर स्त्रियांनी बंदिस्त रेंज टाळावी. साफसफाई करणाऱ्यांनी कोरडा झाडू मारू नये, शिशाची धूळ पुन्हा हवेत उडते.

पटलं नाही तर

हुकूम आधी पाळा, प्रश्न नंतर, लाइनच्या मागे जाऊन विचारा. बंदूक हातात असताना वाद नको. ऑफिसर अपमान करत असेल, किंवा उलट फोनमध्ये डोकं घालून बसला असेल आणि शेजारची नळी तुमच्याकडे वळत असेल, तर सामान आवरून बाहेर पडा आणि काउंटरवर नेमकं काय, किती वाजता, कोणत्या लेनमध्ये झालं ते सांगा. नुसतं "वागणूक बरी नव्हती" म्हटलं तर कोणाला काही करता येत नाही.

एकदा एक साठीचे गृहस्थ आले होते. पहिलीच वेळ, फार संकोची. सुरुवातीलाच मी त्यांना म्हटलं होतं, "काहीही वेगळं वाटलं तर हात वर करा, मला दहा वेळा बोलावलंत तरी चालेल." त्यांनी खरंच सात-आठ वेळा बोलावलं. बहुतेक वेळा काहीच नव्हतं. शेवटच्या वेळी म्हणाले, "ताई, सॉरी हं, पण आत्ता आवाज जरा पोकळ आला." पिस्तूल रिकामं केलं, उघडं करून नळीच्या तोंडाकडून पितळी सळई घातली. सळई अर्ध्यावर अडली. मी त्यांना बोटाने ती जागा दाखवली. ते बराच वेळ सळईकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मॅगझिनमधली उरलेली चार काडतुसं एकेक करून टेबलावर मांडली.