हुआहिनमध्ये निवृत्तीनंतरचं छोटं घर कसं घ्यावं

थायलंडच्या आखाताकाठी, बँकॉकपासून साधारण २०० किलोमीटरवर हुआहिन आहे. राजघराण्याचं उन्हाळी निवासस्थान, जुनं लाकडी रेल्वे स्टेशन आणि लांबच लांब किनारा. इथं आमचं ३४ चौरस मीटरचं घर आहे. एक झोपायची खोली, बैठक, ओटा आणि जेमतेम दोन खुर्च्या मावतील अशी बाल्कनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते साडेसतरा लाख बाथला घेतलं. माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर. म्हणून असेल, पण घर बघताना समुद्र किती दिसतो यापेक्षा हे घर उद्या विकता येईल का आणि पैसे परत बाहेर नेता येतील का, हे मी आधी बघत होते. साठीनंतर परदेशात घर घेणाऱ्या प्रत्येकानं याच क्रमानं बघावं, असं मला मनापासून वाटतं.

घेण्याआधी वर्षभर भाड्यानं राहा. तेही त्या गावाच्या सगळ्यात वाईट महिन्यांत. आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये आधी चियांग माईला गेलो होतो. थंडीचे दिवस, डोंगर, स्वच्छ हवा. ह्यांना तर इतकं आवडलं की डिसेंबरातच घरं बघायला लागले. फेब्रुवारी संपता संपता शेतं आणि जंगलं पेटायला लागली. ते गाव खोऱ्यात आहे, धूर वर जात नाही, तिथंच बसून राहतो. मार्चमध्ये समोरचा डोई सुथेप डोंगर दिसेनासा झाला आणि ह्यांचा दमा उसळला. दोन हवाशुद्धक यंत्रं लावून, खिडक्या बंद करून आम्ही चार आठवडे काढले. डिसेंबरात विसार दिला असता तर आज आम्ही त्या धुरात अडकलो असतो.

हुआहिनला मेमध्ये आलो आणि पुन्हा भाड्यानंच राहिलो. इथं इतर थायलंडच्या मानानं पाऊस कमी, पण जो पडतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात पडतो. त्या दिवसांत मी छत्री घेऊन गल्ल्या हिंडले. कुठल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं, पेच्चकासेम रस्त्याच्या कुठल्या वळणावर दुचाकी बंद पडतात, सगळं वहीत लिहून ठेवलं. एजंट तुम्हाला घर दाखवतो ते जानेवारीत.

जमीन नाही, फ्लॅट

परदेशी माणसाला थायलंडमध्ये आपल्या नावावर जमीन घेता येत नाही. बंगला हवा असेल तर जमीन भाडेपट्ट्यानं घ्यावी लागते, आणि पट्टा कायद्यानं जास्तीत जास्त ३० वर्षांचा. ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ असं ९० वर्षांचं गणित तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. त्यातली पहिली तीसच नोंदणीकृत असतात. पुढचं सगळं वचन, आणि ते पाळायला तेव्हा कोण असेल? दुसरा मार्ग सुचवला जातो तो थाई लोकांच्या नावानं कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घेण्याचा. नुसते नावापुरते भागीदार उभे करणं बेकायदा आहे. त्या वाटेला जाऊच नका, मग बंगला कितीही देखणा असो.

फ्लॅट मात्र पूर्ण मालकीनं घेता येतो. १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याप्रमाणे इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. म्हणजे पहिला प्रश्न किमतीचा नाही, इमारतीत परदेशी कोटा शिल्लक आहे का, हा. आम्हाला जी इमारत पहिल्यांदा आवडली तिथं कोटा भरलेला होता. एजंटनं ते सांगितलं नाही, आम्ही विचारल्यावर ‘भाडेपट्टा करून देऊ, तेच ते’ म्हणाला. तेच ते नाही. आम्ही उठून आलो.

कोट्याचा लेखी दाखला इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयातून मिळतो. त्याला इथं सगळे नुसतं ‘निती’ म्हणतात. हे कार्यालय तुमचा खरा शेजारी. विसार देण्यापूर्वी मी तिथं तीनदा गेले. मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मागितलं, किती जणांनी देखभालीचे पैसे थकवले ते विचारलं, लिफ्टची दुरुस्ती आणि रंगकाम यांसाठी राखीव निधीत काय आहे ते बघितलं. माझ्या घराला महिन्याला चौरस मीटरमागे ४० बाथ, म्हणजे १,३६० बाथ देखभाल खर्च येतो. ज्या इमारतीत हा दर फारच कमी सांगतात, तिथं पोहण्याचा तलाव हिरवा आणि जिन्यातले दिवे गेलेले दिसले. स्वस्त देखभाल म्हणजे पुढं ढकललेला खर्च.

आणखी एक बघा. हुआहिनच्या बऱ्याच इमारती बँकॉकवाल्यांच्या शनिवार-रविवारच्या घरांनी भरलेल्या आहेत. मंगळवारी रात्री आठला खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. माझ्या इमारतीत निम्म्याच्या वर होते. रात्री चक्कर आली तर दार ठोठवायला कोणीतरी हवं, म्हातारपणी याला फार किंमत असते. लिफ्टजवळ चाकांच्या बॅगा घेऊन रोज नवी माणसं दिसत असतील तर तिथं दिवसाच्या बोलीवर घरं देतात असं समजा. महिन्याहून कमी मुदतीनं घर भाड्यानं द्यायचं तर हॉटेल कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे ‘तुम्ही नसाल तेव्हा रोजच्या भाड्यावर देऊ’ या कमाईवर हिशेब मांडू नका.

मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या भूकंपानं बँकॉकच्या उंच इमारती हलल्या, बांधकाम चालू असलेली एक कोसळलीही. तेव्हापासून मी ओळखीच्यांना दोन गोष्टी सांगते: इमारतीच्या विम्यात भूकंप आहे का ते वाचा, आणि गुडघे दुखत असतील तर जिन्यानं उतरता येईल असाच मजला घ्या. आमचा तिसरा आहे.

घराच्या आत गेल्यावर कपाटं उघडून वास घ्या. बंद राहिलेल्या घरात बुरशी आधी कपाटात धरते. एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी बघा. समुद्राची खारी हवा ती खाऊन टाकते. किनाऱ्यापासून आठशे मीटर आत आल्यानं आमची किंमतही उतरली आणि गंजही.

पैसे कसे आणायचे

इथं माझा जीव अडकतो, कारण माणसं चुकतात ती नेमकी इथं. परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट चढवायचा तर किमतीइतकी रक्कम परकीय चलनात बाहेरून आलेली आहे, याचा पुरावा जमीन कार्यालयाला लागतो. म्हणून तुमच्या बँकेला स्पष्ट सांगा: डॉलर किंवा दुसऱ्या परकीय चलनातच पाठवा, बाथमध्ये बदलून पाठवू नका. बदल थायलंडच्या बँकेत झाला पाहिजे. पाठवण्याचं कारण ‘कॉन्डोमिनियम खरेदीसाठी’ असं लिहा. रक्कम ५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर थाई बँक परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म देते. त्याहून कमी असेल तर बँकेकडून वेगळं पत्र मागून घ्यावं लागतं. आम्ही मुद्दाम एकाच हप्त्यात ५२,००० डॉलर पाठवले, म्हणजे फॉर्मही मिळाला आणि शुल्काची सोयही झाली.

नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे हवं. माझ्या जुन्या बँक खात्यात मधलं नाव होतं, पासपोर्टवर नव्हतं. ते दुरुस्त करायला तीन आठवडे गेले आणि तोवर विकणारा चुळबुळायला लागला. घर दोघांच्या नावावर हवं असेल तर पैशांच्या कागदांवरही तसंच दिसलं पाहिजे. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं.

नोंदणीच्या दिवशी जमीन कार्यालयात बँकेचे चेक, फॉर्म, कोट्याचा दाखला आणि ‘देखभालीची थकबाकी नाही’ असा नितीचा दाखला लागतो. हस्तांतर शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के. ते आम्ही निम्मं-निम्मं भरलं. विकणाऱ्यानं पाच वर्षांच्या आत विकलं तर त्याला साधारणपणे ३.३ टक्के व्यवसाय कर बसतो, नाहीतर अर्धा टक्का मुद्रांक. कोण काय भरणार हे करारात आधी लिहून घ्या. सगळे कागद थाई भाषेत असतात आणि तारखा बौद्ध वर्षात, २०२४ म्हणजे २५६७. स्वतःचा दुभाषी न्या, विकणाऱ्याचा नको. आणि कोऱ्या मुखत्यारपत्रावर कधीही सही करू नका. मला एकानं ‘तुम्हाला रांगेत बसायला नको म्हणून’ असा कोरा कागद पुढं केला होता. मी रांगेत बसले. सकाळी नऊला गेलो, साडेअकराला मालकी दाखल्याच्या मागच्या बाजूला माझं नाव लिहिलेलं होतं.

राहायचा परवाना

घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या कारणावर वर्षावर्षानं मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाथ, किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख दाखवावे लागतात. ठेव अर्जाच्या दोन महिने आधीपासून आणि नंतर तीन महिने पूर्ण ठेवायची, पुढंही ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे घराचं बजेट करताना हे ८ लाख बाजूलाच ठेवा. अनेक जण सगळी पुंजी घरात घालतात आणि मग व्हिसाच्या वेळी धावपळ करतात. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाथ. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि देशाबाहेर जाताना आधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढायचा, नाहीतर मुदतवाढ तिथंच संपते. काम करायला परवानगी नाही.

करासाठी वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही इथले रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून परदेशात मिळवलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते करपात्र धरलं जातं. २०२३ अखेरपर्यंतची जुनी बचत त्यातून वगळलेली आहे. म्हणून त्या तारखेचं बँकेचं विवरणपत्र काढून जपून ठेवा.

आरोग्य विमा साठीच्या आतच घ्या. उशीर केला की आधीचे आजार वगळतात आणि हप्ता वाढतो. हुआहिनला रुग्णालयं चांगली आहेत, पण मोठ्या शस्त्रक्रियेला बँकॉक, आणि ते रस्त्यानं तीन तास. ह्यांच्या दम्यामुळे आम्ही घर ठरवायच्या आधी रात्री दहाला घरापासून रुग्णालयापर्यंत गाडीनं जाऊन वेळ मोजली होती. अकरा मिनिटं.

घर झाल्यावर दोन कामं राहतात. एक, इथल्या वकिलाकडून थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र. परदेशी वारसाला फ्लॅट मिळतो, पण मालकीच्या अटीत तो बसत नसेल तर वर्षाच्या आत विकावा लागतो. मुलीला आम्ही हे आत्ताच सांगून ठेवलं आहे. दुसरं, कागदांची फाइल. मालकी दाखला, खरेदीखत, आणि सगळ्यात वर परकीय चलनाचा तो फॉर्म. उद्या घर विकून पैसे परत बाहेर न्यायचे तर बँक तोच मागते. आमची फाइल निळी आहे, तिची एक प्रत मुलीच्या कपाटात आहे, आणि वरच्या कागदावर पेन्सिलनं लिहिलंय: ‘हा हरवायचा नाही.’