सरपणावर हिवाळा काढताना या चुका टाळा: लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावरून

जानेवारीत स्टोव्ह नुसता धुमसत राहतो, काच काळी पडते, खोली काही केल्या तापत नाही. मग कोणी स्टोव्हला नावं ठेवतं, कोणी धुराड्याला, कोणी वाऱ्याला. मूळ चूक मात्र बहुतेक वेळा आदल्या वसंतात झालेली असते, झाड निवडताना किंवा लाकूड रचताना.

हे सगळं ज्या गावाला धरून लिहितोय ते नेन. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडॉर प्रांतातली ही सगळ्यात उत्तरेकडची कायम वस्ती, साधारण साडेछप्पन्न अक्षांशावर. लोकसंख्या हजार-बाराशे, बहुतेक इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. १७७१ मध्ये मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी इथे ठाणं वसवलं. २००५ पासून गाव नुनात्सियावुत या इनुइट स्वशासित प्रदेशात येतं. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमान, उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात गोठलेला समुद्र, एवढेच मार्ग. वीज डिझेलच्या जनरेटरवर आणि डिझेल बोटीने येणार, त्यामुळे विजेवर घर तापवणं परवडत नाही. तेलाची भट्टी असली तरी तिचा पंखा आणि पंप विजेवरच चालतात. जानेवारीत सरासरी तापमान उणे १७-१८ अंशांच्या आसपास असतं. म्हणून घरोघरी लाकडाचा स्टोव्ह, आणि सरपण आणायला स्किडू, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, आणि तिच्या मागे कामुटिक, म्हणजे बर्फावरून ओढायची लांब लाकडी घसरगाडी.

गोठलेलं लाकूड वाजवून पारखणं

दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या, ठणठणीत आवाज आला तर लाकूड वाळलेलं, बद्द आवाज आला तर ओलं. ही परीक्षा जगभर सांगतात आणि उन्हाळ्यात ती ठीकही आहे. उणे वीसमध्ये ती फसवते. ओल्या लाकडातलं पाणी गोठून कडक झालेलं असतं आणि स्प्रूस या इथल्या सूचिपर्णी झाडाचं ताजं तोडलेलं लाकूडसुद्धा वाळल्यासारखं खणखणतं. ओलावा मोजायचं यंत्रही थंडीत दगा देतं, कारण ते लाकडातून वीज किती सहज जाते ते बघतं आणि गोठलेल्या पाण्यातून ती नीट जात नाही. आकडा कमी दिसतो, माणूस खूश होतो.

उपाय साधा आहे. दोन-चार ओंडके घरात आणा, रात्रभर ठेवा, मग फोडा आणि नुकत्याच फुटलेल्या आतल्या बाजूवर मोजा. २० टक्क्यांच्या खाली असेल तर जाळायला हरकत नाही. यंत्र नसेल तर फोडलेली बाजू गालाला लावून बघा. गारठा आणि दमटपणा यांतला फरक गालाला बोटांपेक्षा चांगला कळतो.

कामुटिकवरून पाणी वाहून आणणं

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. म्हणजे दोनशे किलोचा भार ओढलात तर त्यातलं शंभर किलो पाणी, आणि ते ओढायला जाळलेलं पेट्रोल तुमच्या खिशातलं. अशा ओल्या लाकडाच्या एका किलोतून हिशेबाने सव्वादोन युनिट (किलोवॉट-तास) उष्णता निघते. २० टक्क्यांपर्यंत वाळलेल्या किलोतून चार युनिट. म्हणून जाणकार माणूस आधी उभं वाळलेलं झाड शोधतो. साल गळालेली, फांद्या राखाडी, शेंडा तुटलेला. जुन्या वणव्यात किंवा किडीने मेलेला स्प्रूस वर्षानुवर्षं उभ्या उभ्या वाऱ्यावर वाळतो. त्याचा बुंध्याकडचा हात-दोन हात भाग मात्र ओला निघू शकतो. तो वेगळा ठेवा, बाकीच्या ढिगात मिसळू नका.

लार्च मिळाला तर सोडू नका. स्थानिक लोक त्याला ज्युनिपर म्हणतात. तो स्प्रूसपेक्षा जड आणि जास्त वेळ टिकणारा. बर्चही तसाच, पण न फोडता ठेवला की सालीच्या आतच कुजतो.

आणखी एक चूक नवखे हमखास करतात. बर्फ कमरेएवढा साचलेला असताना झाड बर्फाच्या पातळीवर कापायचं आणि पुढे निघायचं. पुढच्या वर्षी बर्फ कमी पडला की तोच खुंट बर्फाखाली जेमतेम झाकलेला राहतो आणि स्किडूच्या पोटात घुसतो. खोऱ्याने दहा मिनिटं बर्फ उपसा, जमिनीलगत कापा. इथली झाडं मनगटाएवढी व्हायलासुद्धा कित्येक दशकं घेतात. दोन फूट खोड तसंच सोडून येणं मला तरी उधळपट्टी वाटते.

ढीग ताडपत्रीत गुंडाळणं

लॅब्राडॉरचा उन्हाळा आपल्या कल्पनेतला उन्हाळा नाही. थंड समुद्रप्रवाहामुळे जुलैतही तापमान दहा-अकरा अंशांच्या घरात आणि वर धुकं. इथे लाकूड वाळतं ते मुख्यतः वाऱ्यावर. म्हणून रास एकेरी हवी, जमिनीपासून उचललेली, वाऱ्याला आडवी. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी निळी ताडपत्री बांधून ठेवलेलं लाकूड सप्टेंबरमध्ये उघडलं की बुरशी आलेली असते.

फोडून मगच रचा. सालीतून पाणी फार हळू निघतं. ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून जातं. मार्च-एप्रिलमध्ये समुद्राचा बर्फ भक्कम असतो आणि दिवस मोठे झालेले असतात, तेव्हा आणून, गोठलेलं असतानाच फोडलेलं लाकूड पुढच्या हिवाळ्यासाठी. गोठलेला ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावात फुटतो. मे महिन्यात तोच ओंडका पातं धरून ठेवतो. फक्त कुऱ्हाडीचं पातं आधी जरा ऊबेला ठेवा, कडाक्याच्या थंडीत पोलादाची धार तुकडा उडून जाते. साखळी करवतीला हिवाळी तेल घाला.

बर्फाच्या भरवशावर सरपण आणणं पुढे ढकलणं

“थोडं कमी पडतंय, डिसेंबरमध्ये समुद्रावर बर्फ धरला की आणू.” ही योजना पूर्वी चालून जायची. २००९-१० चा हिवाळा इतका सौम्य गेला की नुनात्सियावुतच्या किनाऱ्यावर बर्फ उशिरा धरला आणि पातळ राहिला; नेहमीच्या वाटा बंद, शिकार अवघड आणि सरपणाच्या जागा समोर दिसत असून हाताबाहेर. तेव्हापासून ज्याच्या अंगणात निदान निम्म्या हिवाळ्याचं वाळलेलं लाकूड बर्फ धरायच्या आधीच रचलेलं आहे, तोच शहाणा.

पुस्तकातले जाडीचे आकडे समुद्रावर लावू नका. स्किडूसाठी १३ ते १८ सेंटिमीटर हा आकडा स्वच्छ, गोड्या पाण्याच्या बर्फाचा. खारा बर्फ त्याच जाडीत बराच कमजोर असतो, तडकण्याआधी वाकतो, आणि तुमच्या मागे भरलेली कामुटिक असते. बेटांमधल्या अरुंद खाड्यांत, ज्यांना इथे रॅटल म्हणतात, भरती-ओहोटीचा ओढ बर्फाला खालून खात राहतो. वर मऊ बर्फाची दुलई पडली की ती पाण्याची ऊब धरून ठेवते आणि खालचा बर्फ जाड होतच नाही. नुनात्सियावुत सरकार आणि मेमोरियल विद्यापीठ यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्मार्टआइस’ या बर्फ मोजणाऱ्या उपक्रमाने नेनपासूनच सुरुवात केली. बर्फात रोवलेली उपकरणं आणि घसरगाडीवरून ओढायचा सेन्सर यांनी जाडी मोजली जाते. ती माहिती बघा आणि गावातल्या अनुभवी माणसाला विचारा. दोन्हींपैकी एक जरी ‘नको’ म्हणाला तरी जाऊ नका. जाताना रिकामी कामुटिक ज्या वाटेने गेली तीच वाट परतताना भरलेल्या कामुटिकला पेलेल, हे गृहीत धरू नका.

किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड

वाहून आलेले, उन्हाने पांढरे पडलेले ओंडके फुकट, जवळ आणि दिसायला अगदी कोरडे. आर्क्टिकच्या वृक्षहीन किनाऱ्यांवर पिढ्यानपिढ्या यानेच काम भागलं. सायबेरियातल्या नद्यांचं लाकूड समुद्री बर्फाबरोबर वाहत ग्रीनलंड-आइसलँडपर्यंत जातं. उघड्या शेकोटीत जाळा, खुशाल. बंद लोखंडी स्टोव्हमध्ये मात्र नको. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडातलं क्लोरीन जळताना आम्ल बनतं, ते स्टोव्हचं आणि धुराड्याचं पोलाद खातं, शिवाय डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. पावसात एक-दोन वर्षं ठेवलं की मीठ धुऊन जातं असं म्हणणारे भेटतील. बाहेरचं जातं, गाभ्यातलं सगळं जाईल याची खात्री कोण देणार?

बोटीने सामान ज्यावर रचून येतं त्या लाकडी चौकटींचं, म्हणजे पॅलेटचं, साधं लाकूड पेटवणाला उत्तम. रंगवलेलं, प्लायवूड किंवा हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड घालू नका. जुन्या प्रक्रियेत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक वापरत. आर्सेनिक धुरातही येतं आणि राखेतही राहतं.

रात्री हवा बंद करणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय हीच. झोपताना स्टोव्ह ठासून भरायचा, हवेची खिट्टी पूर्ण बंद करायची, सकाळपर्यंत निखारे टिकले की समाधान. पण लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते आणि ते वायू पेटायला साधारण ६०० अंश लागतात. हवा दाबली की आग थंडावते, वायू न जळताच वर जातात आणि बाहेरच्या उणे पंचवीसमध्ये उभ्या असलेल्या धुराड्यात गार होऊन डांबरासारखे चिकटतात. हेच क्रिओसोट.

ओल्या लाकडाचंही असंच. पाण्याची वाफ करायला खूप उष्णता जाते असं सगळे म्हणतात, पण कागदावर हिशेब केला तर एकाच झाडाच्या बाबतीत तो तोटा दहा टक्क्यांच्या आसपास येतो. खरा तोटा वेगळा: वाफेमुळे आगीचं तापमान पडतं आणि धूर जळायचाच राहतो.

कॅनडा-नॉर्वेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींना इथे चुलीची सवय आडवी येते. चुलीला पुढून मोकळी हवा मिळते, लाकूड थोडं थोडं पुढे सारायचं, मध्येच फुंकर घालायची. बंद स्टोव्ह दर पाच मिनिटांनी उघडला की प्रत्येक वेळी गार हवा आत आणि धूर खोलीत. त्याला एकदम पुरेसं लाकूड द्या, वीस-पंचवीस मिनिटं हवा मोकळी ठेवून जोरात पेटू द्या, मग टप्प्याटप्प्याने कमी करा. काचेतून ज्वाळा दिसत राहिली पाहिजे. नुसता लाल धुमसता ढीग दिसला तर हवा जास्त दाबली. एकेरी पत्र्याच्या नळीवर चुंबकाचा तापमापक चिकटवा आणि काटा साधारण १२० ते २४० अंशांमध्ये ठेवा.

मोठा स्टोव्ह घेतला की जास्त ऊब, हाही गैरसमज. छोट्या घरात मोठा स्टोव्ह असला की घरातले लोक घामाघूम होतात, हवा दाबतात, आणि पुन्हा तेच क्रिओसोट.

लक्षणं आणि कारणं

लाकडाच्या टोकाला फेस येऊन ते फसफसतं: ओलं आहे, दुसरं काही नाही. सगळी काच काळी पडते: ओलं लाकूड किंवा दाबलेली हवा. काचेचा एकच कोपरा काळा होतो: दार हवाबंद करणारी कडेची दोरी तिथे दबलेली आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर दोरी बदला.

पेटवतानाच धूर खोलीत येतो, नंतर थांबतो: धुराडं गार आहे. वर्तमानपत्राचा एक बोळा नळीच्या तोंडाशी जाळून आधी हवा वर चढवा. दर वेळी दार उघडताच धूर येत असेल तर स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला पंखा बंद करून बघा. नवी, घट्ट बांधलेली घरं आतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यापुढे हतबल असतात; हवेला आत यायची एकच वाट उरते, ती म्हणजे धुराडं.

आठवडाभर चांगला चाललेला स्टोव्ह कडाक्याच्या थंडीत अचानक ओढायचा थांबला, तर धुराड्याची टोपी बघा. तिच्या जाळीवर वाफ आणि क्रिओसोट मिळून गोठतात आणि तोंड बंद होतं. हे कारण पुष्कळांना सुचतच नाही आणि ते धोक्याचं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोलीजवळ लावा, बॅटरीवर चालणारं, कारण वीज जाते तेव्हाच स्टोव्ह सगळ्यात जास्त चालतो.

राखेतले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. झाकणाचा लोखंडी डबा हवा, आणि तो लाकडी पायरीवर किंवा पडवीत नको. घरातही नको, विझल्यासारखी दिसणारी राख कार्बन मोनॉक्साइड सोडत असते.

धुराड्यातला थर तीन मिलिमीटर झाला की ब्रश मारा, फक्त शरद ऋतूत एकदा नाही तर ऐन हिवाळ्यातही. तो थर पेटला तर घोंघावणारा आवाज येतो, नळी थरथरते, वर ठिणग्या उडतात. तेव्हा स्टोव्हचं दार आणि हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला कळवा. स्टोव्हमध्ये पाणी किंवा बर्फ ओतू नका, तापलेलं लोखंड आणि धुराड्याचं अस्तर तडकतं. आग विझली तरी तोच स्टोव्ह त्या रात्री पुन्हा पेटवायचा नाही. आतून तडा गेलेलं धुराडं बाहेरून धडधाकट दिसतं. जाणकाराने पूर्ण तपासेपर्यंत तेलाच्या भट्टीवर किंवा शेजाऱ्यांकडे रात्र काढा.