सेबी दंड कसा ठरवते आणि आपली तक्रार त्या मापात कशी बसवायची

शेअरमध्ये खात्रीच्या नफ्याच्या टिपा विकणाऱ्यानं फसवलं, की नाशिकचा गुंतवणूकदार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, पानभर संताप लिहून पाठवतो. संताप रास्तच असतो, पण त्यातून दंड मोजता येत नाही.

सेबी कायदा १९९२ प्रत्येक चुकीला किमान आणि कमाल रक्कम ठरवून देतो. सल्लागारानं नियम मोडले तर १ लाख ते १ कोटी. फसवणूक किंवा शेअरच्या भावाशी खेळ केला तर किमान ५ लाख, कंपनीची जाहीर न झालेली आतली माहिती वापरून व्यवहार केला तर किमान १० लाख. या दोन्हींत कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते.

या दोन टोकांमधला आकडा ठरवताना कलम १५-जे तीन गोष्टी बघायला सांगतं: गैरमार्गानं किती कमावलं, गुंतवणूकदारांचं किती नुकसान झालं आणि चूक पुन्हा पुन्हा केली का. ही यादी एवढ्यावरच संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं; त्यामुळे इतर परिस्थितीही विचारात घेता येते.

तुमची तक्रार या तिन्हींची उत्तरं देणारी हवी. सर्वांत आधी फीचा तक्ता करा: तारीख, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे कोणाच्या खात्यात गेले. सोबत बँकेचं स्टेटमेंट जोडा. मग नुकसानीचा तक्ता: कोणता मेसेज, कोणता शेअर, ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट (सौद्याची अधिकृत पावती). इथेच बहुतेक तक्रारी घसरतात. स्वतःच्या मनानं केलेल्या सौद्यांचा तोटाही लोक त्यात मिसळतात, मग खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा. नंबर कापलेला स्क्रीनशॉट फारसा कामाचा नाही. ग्रुपमधल्या इतरांनाही फसवलं असेल तर त्यांनी स्वतंत्र तक्रारी कराव्यात. चूक एकदाच झाली नाही, हे त्यातूनच दिसतं.

सल्लागार नोंदणीकृत आहे का ते सेबीच्या यादीत तपासा. क्रमांक ‘आयएनए’नं सुरू होतो. असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, तक्रार करा. सल्लागाराला उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत असते; ते पटलं नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागा. एवढ्यानं लगेच दंड होत नाही. त्यासाठी सेबीचा न्यायनिर्णय अधिकारी कारणे दाखवा नोटीस काढतो, उत्तराला किमान १४ दिवस देतो, सुनावणी घेतो आणि मग आदेश देतो. त्यावर मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अपील करता येतं.

दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, जमा होते, तक्रारदाराला मिळत नाही. तुमच्या हाती काही येण्याचा मार्ग वेगळा आहे: विनानोंदणी सल्ला विकणाऱ्यांना सेबी कलम ११-बी खाली ग्राहकांची फी परत करायला लावते. म्हणून फीचा तक्ता नुकसानीच्या तक्त्याहूनही जपून करा.

ठरलेल्या परताव्याचं आमिष दाखवून ठेवी घेतल्या असतील तर सेबीवर थांबू नका. नाशिक पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा लावायला सांगा. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद आहे.