सोलापूरहून सिटकॉम लिहायला निघालेल्यांसाठी

सुट्टीत सोलापूरला गेले की युवा महोत्सवात एकांकिका करणारं कुणीतरी भेटतंच. "ताई, विनोदी मालिका लिहायला काय शिकावं लागतं?" पार्क चौकात उभ्याउभ्या याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथं लिहितेय. मी १४ वर्षं हे काम करते, त्यातली शेवटची ५ वर्षं लेखनाबरोबर निर्मितीही बघते.

आमचं घर साखर पेठेत, खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. माग चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं. मधेच लाइट जायची, सगळे माग एकदम थांबायचे आणि कुणाचं तरी अर्धं वाक्य गल्लीभर जायचं. एकदा शेजारच्या काकू आईला सांगत होत्या, "अहो, चांदीची कुठली? मुलामा दिलेली वाटी दिली जावयाला!" 'मुलामा'पाशी लाइट गेली. जावई खालीच उभे होते. अख्खी गल्ली गप्प झाली. काकू गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, चहा टाकलाय, या वर." तेव्हा कुठं लोक हसले.

ते आधी हसले नव्हते, काकूंच्या दुसऱ्या वाक्यावर हसले. कारण काकू कधीच माघार घेत नाहीत हे गल्लीला ठाऊक होतं. सिटकॉम उभा राहतो तो यावरच. माणसं तीच, त्यांच्या खोडी त्याच, दर भागात फक्त प्रसंग नवा. अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) २००१ मध्ये सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. एका घरातल्या तीन पिढ्या, प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला. कोण काय म्हणेल याचा अंदाज असायचा आणि तरी हसू यायचं. नवीन लेखक आधी विनोद गोळा करतात. माझं मत पक्कं आहे, आधी पाच माणसं गोळा करा.

कॉलेजात असताना सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की वाक्य हळूच सांगायचं. पुस्तकातून जे शिकता आलं नसतं ते तिथं कळलं. हशा संपायच्या आधी पुढचं वाक्य सुटलं की दोन्ही वाया जातात. टीव्हीला समोर प्रेक्षक नसतो, म्हणून ती थांबायची जागा लेखकानंच पानावर सोडावी लागते.

मग एका रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली आणि मुंबई. पहिलं वर्षभर मी संवादलेखकाची सहायक होते. मागच्या भागात कोण काय बोललं याची वही ठेवायची, दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या. हे काम कमी समजू नका. मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रांचे स्वभाव, नाती, सवयी यांची नोंद, त्या वहीतूनच माझ्या डोक्यात बसली.

कामाची रीत साधारण अशी. आधी वनलाइन, म्हणजे भागाची गोष्ट थोडक्यात, चॅनेलच्या क्रिएटिव्हकडून (कथा बघणाऱ्या माणसांकडून) ती मंजूर झाली की पटकथा, मग संवाद. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं हातात राहतात. डेली सोपमध्ये कथा, पटकथा आणि संवाद तीन वेगळ्या माणसांकडे असू शकतात. विनोदी मालिकेत पटकथा आणि संवाद शक्यतो एका हातात असावेत, नाहीतर प्रसंगातली गंमत संवादापर्यंत पोचत नाही.

निर्मितीकडे मी वळले ती एका हळदीमुळे. मी लिहिलं होतं, 'हळदीचा कार्यक्रम, चाळीस पाहुणे.' निर्मात्यांनी पान पुढ्यात ठेवून माझ्याकडूनच हिशेब करून घेतला. ज्युनिअर आर्टिस्ट (गर्दीतली माणसं), त्यांचे कपडे, जेवण, मांडव, आणि शिफ्ट फक्त १२ तासांची. बेरीज बघून मीच गप्प झाले. रात्री बसून सगळा प्रसंग स्वयंपाकघरात आणला. बाहेर कार्यक्रम चालू आहे, नुसता आवाज येतोय, आणि आत दोन विहिणी, हळद कुणी कालवायची यावर अडलेल्या. पाचच माणसं. तो भाग आजही मला माझा सगळ्यात चांगला वाटतो. तेव्हापासून प्रत्येक पानावर मी माणसं आणि जागा मोजते. आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांची जोडी बघा, 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या हिंदी सिटकॉमचं (२००४) लेखन आणि निर्मिती एकाच घरात. लिहिणाऱ्याला खर्च कळला की त्याचं लेखन कुणी परस्पर कापत नाही.

आता पैशांचं. पहिल्या दोन वर्षांत एका निर्मात्याकडे माझे चार महिन्यांचे पैसे अडकले, ते कधीच मिळाले नाहीत. करार तोंडी होता. टीव्हीत एरवीही पैसे बऱ्याचदा ९० दिवसांनी येतात, त्यातून टीडीएस कापला जातो. तीन-चार महिन्यांचं घरभाडं गाठीला असल्याशिवाय निघू नका. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचे, सभासद व्हा आणि गोष्ट ऐकवायच्या आधी तिथं नोंदवा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहून काढलेल्या मांडणीवर असतो, म्हणून दोन ओळींऐवजी दहा पानं नोंदवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला. तो करारात सोडून देता येत नाही, हे सही करताना लक्षात असू द्या.

आपल्या बोलीबद्दल एक सांगते, कारण हे मला फार लागतं. "काय करलालाव?" असं म्हणणारं पात्र आलं की त्याला गावठी ठरवून हशा मागायची सवय आहे. तुम्ही तसं करू नका. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी एकाच गल्लीत ऐकत मोठं झालेल्या आपल्या कानाला माणूस आणि त्याची बोली वेगळी काढता येत नाही. सोलापुरी बोलणारं पात्र घरातलं सगळ्यात शहाणं माणूस करून बघा.

पहिला भाग लिहाल तो दोन खोल्यांत आणि पाच माणसांत लिहा. झाला की घरच्यांना बसवून मोठ्यानं वाचा. आई गॅस बघायला उठली, तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि ते पान पुन्हा लिहायला घ्या.